नाकारलेले पुस्तक आणि अस्तेयाचा प्रश्न

ई-पुस्तकाच्या खरेदीत वाचकाला बहुधा मालकी मिळत नाही, वाचनाचा परवाना मिळतो. आणि लेखकाशी झालेल्या करारात ज्या देशांचे हक्क असतील तेवढ्यांपुरताच तो परवाना प्रकाशकाला देता येत असल्याने, खात्यावर नोंदलेला देश त्या यादीबाहेरचा निघाला की पूर्ण किंमत मोजायला तयार असलेल्या वाचकालाही पुस्तक नाकारले जाते. अशा वाचकाने तेच पुस्तक चोरट्या प्रतीतून मिळवले तर ती चोरी मानावी का, हा प्रश्न कायद्यापेक्षा नीतिशास्त्राचा अधिक आहे.

हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. अठराव्या शतकात जर्मन भाषेचा प्रदेश अनेक राज्यांत विभागलेला होता आणि एका राज्याने दिलेला छपाईचा अनन्य अधिकार दुसऱ्या राज्यात चालत नसे. 1764 मध्ये लाइपत्सिगचे प्रकाशक फिलिप एरास्मुस राइख यांनी फ्रँकफुर्टच्या ग्रंथजत्रेकडे पाठ फिरवली आणि पुस्तकांच्या बदल्यात पुस्तके देण्याची जुनी रीत सोडून रोख रकमेचा आग्रह धरला. दक्षिणेकडील विक्रेत्यांना ही पुस्तके परवडेनाशी झाली, आणि व्हिएन्नाच्या योहान थॉमस फॉन ट्राटनर यांच्यासारख्या मुद्रकांची बिनपरवाना पुनर्मुद्रणे तिकडे राजाश्रयाने खपू लागली.

याच वादात इमॅन्युएल कांट यांनी 1785 मध्ये पुनर्मुद्रणाच्या अन्यायावर निबंध लिहिला. त्यांच्या मते पुस्तक म्हणजे लेखकाने वाचकसमाजाला उद्देशून केलेले भाषण होय. प्रकाशक ते लेखकाच्या नावाने पोहोचवतो, तर चोरटा मुद्रक अधिकार नसताना दुसऱ्याच्या नावाने बोलतो, म्हणून तो दोषी ठरतो. मात्र याच निबंधात कांट असेही मांडतात, आणि याकडे फारसे लक्ष दिले जात नाही, की हस्तलिखित सोपवून लेखक वारला तर प्रकाशकाला ते दडपून ठेवता येत नाही. त्याने ते छापावे किंवा दुसऱ्याच्या स्वाधीन करावे, अशी सक्ती करण्याचा हक्क, लेखकाला वारस नसल्यास, वाचकसमाजाला आहे.

भारतीय विचारातही ही दुसरी बाजू आहे. योगसूत्रांतील यमांमध्ये, म्हणजे आचरणाच्या पायाभूत नियमांमध्ये, अस्तेयाबरोबरच अपरिग्रह येतो आणि जैनांच्या पाच महाव्रतांतही ही दोन्ही आहेत. जे दिलेले नाही ते घेऊ नये, हे अस्तेय. गरजेपलीकडे साठवून ठेवू नये, हा अपरिग्रह. या कसोटीवर चोरटी प्रत उतरवून घेणारा वाचक निर्दोष ठरत नाही, कारण विक्रेत्याने नकार दिला म्हणून लेखकाची संमती मिळाली असे होत नाही, शिवाय अशा प्रती पसरल्या की त्या देशाचे हक्क पुढे विकत घेऊ पाहणाऱ्या स्थानिक प्रकाशकाची बाजारपेठही आटते. तरीही हक्क मुठीत धरून पुस्तक न विकणाऱ्याचा दोष अधिक मोठा आहे, कारण चोरीचे निमित्त तोच निर्माण करतो.

भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 31 मध्ये या दोषाची दखल आहे: प्रकाशित कृती पुन्हा प्रकाशित करण्यास नकार देऊन ती लोकांपासून रोखून धरली गेली, तर सक्तीचा परवाना देता येतो, आणि मुळात भारतीय कृतींपुरती असलेली ही तरतूद 2012 च्या दुरुस्तीने कोणत्याही कृतीला लागू झाली. पण एका वाचकाने एका पुस्तकासाठी ही वाट चालणे व्यवहारात शक्य नाही. म्हणून ज्या देशात पुस्तक विकायचेच नाही, त्या देशाचे हक्क प्रकाशकांनी लेखकाला परत करावेत, आणि लेखकांनीही करार करताना ही अट मागून घ्यावी.