रोगी हा गिऱ्हाईक आहे काय?

आजारी मनुष्य डॉक्टरकडे जातो, तो कोण म्हणून? पूर्वी ह्याचे उत्तर सोपे होते. तो रोगी म्हणून जात असे. आता त्याला दुसरे एक नाव मिळाले आहे : ग्राहक. हे नाव त्याला शोभते की नाही, ह्याचा विचार आपल्या मंडळ्यांतून फारसा होत नाही. उपचारांच्या खर्चाची झळ मात्र घरोघरी लागते. म्हणून ह्या प्रश्नाकडे जरा शांतपणे पाहू या.

हे नाव कोणी थट्टेने दिलेले नाही. १९८६ साली आपल्या देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला. वैद्यकीय सेवा त्यात येते की नाही, हा वाद डॉक्टरांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. नोव्हेंबर १९९५ मध्ये न्यायालयाने ठरवले की, मोबदला घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ह्या कायद्याखाली येते. २०१९ मध्ये जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला, तरी ही सेवा त्यातून सुटलेली नाही. हा लाभ लहान नव्हे. हयगयीने कोणाचा पाय गेला, कोणाचा जीव गेला, तर घरची माणसे ‘देवाची इच्छा’ म्हणून गप्प बसत. मनुष्याचा निष्काळजीपणा देवाच्या नावावर खपवणे ही भक्ती नव्हे. दाद मागायला जागा झाली, हे चांगलेच झाले.

तथापि गिऱ्हाइकाचे खरे बळ कशात असते? दुकानातून उठून जाण्यात. कापड महाग वाटले तर आपण दुसऱ्या दुकानात जातो, नाही तर यंदा जुन्यावरच भागवतो. छातीत कळ आलेला मनुष्य असे करू शकत नाही. त्याला वेळ नाही, माहिती नाही आणि नाही म्हणण्याची सोयही नाही. काय घ्यायचे हे विकणाराच सांगतो, अशी ही एकच बाजारपेठ. केनेथ ॲरो ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली हेच दाखवले. आजार आणि उपचार दोन्ही अनिश्चित असल्यामुळे येथे साधा बाजार चालत नाही. विक्रेत्याकडून आपण जी अपेक्षा करतो, तिच्याहून वेगळी अपेक्षा डॉक्टरकडून करावी लागते, असे त्याचे म्हणणे होते.

आपल्याकडील एक उदाहरण घ्या. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटची किंमत फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने बांधून दिली. औषध लावलेल्या स्टेंटसाठी ती सुमारे २९,६०० रुपये ठरली. त्याआधी ह्याच वस्तूसाठी अनेक कुटुंबांनी लाखाच्या घरात पैसे मोजले होते. रोग्यांनी घासाघीस केली म्हणून ती किंमत उतरली नाही. टेबलावर निजलेला मनुष्य घासाघीस करीत नाही. कोणी तरी त्याच्या वतीने उभे राहिले, तेव्हा ती उतरली.

शुभवर्तमानात मार्काने बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीची हकीकत लिहिली आहे (मार्क ५:२६). तिने पुष्कळ वैद्य केले, होते नव्हते ते सारे खर्चले आणि दुखणे वाढतच गेले. दोन हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट आजच्या कोणत्याही गल्लीतील वाटते. मार्काने तिच्या दुखण्याबरोबर तिच्या खर्चाचीही नोंद ठेवली, हे विसरू नये. केंद्र सरकारच्या आरोग्यलेख्यांप्रमाणे २०१३-१४ साली देशातील आरोग्यावरच्या दर शंभर रुपयांतले सुमारे ६४ रुपये कुटुंबे स्वतःच्या खिशातून देत. २०२१-२२ मध्ये हा भार सुमारे ३९ वर आला. सुधारणा मोठी आहे. पण ज्याच्या घरी मधुमेह किंवा रक्तदाब आहे त्याला विचारा. २०१८ पासूनची आयुष्मान योजना वर्षाला ५ लाखांपर्यंत आधार देते, तो मुख्यतः इस्पितळात दाखल झाल्यावर. महिन्याच्या महिन्याला घरी घ्यायच्या गोळ्यांचे पैसे घरातूनच जातात.

ग्राहक ह्या नावाचा आणखी एक तोटा आहे. रोगी गिऱ्हाईक झाला की डॉक्टर दुकानदार होतो. मग एकाला फसवणुकीचे भय आणि दुसऱ्याला खटल्याचे. त्या भयापोटी चार तपासण्या अधिक लिहिल्या जातात आणि त्यांचेही पैसे अखेर रोग्यालाच भरावे लागतात.

मग वाट कोणती? शोमरोन्याच्या दाखल्यात (लूक १०) बिलाचाही प्रसंग आहे. जखमी मनुष्य उतारशाळेत पडला. त्याच्यापाशी काही उरले नव्हते. त्याच्यासाठी तिसऱ्याने दोन नाणी मोजली आणि अधिक खर्च झाला तर परत येताना फेडण्याचे वचनही दिले. गिऱ्हाइकाचा संबंध पैसे चुकते झाले की संपतो. शेजाऱ्याचा संबंध तेथे संपत नाही.

नवल असे की, १९९५ च्या त्या निकालातही ह्या तिसऱ्या मनुष्याला जागा आहे. ज्या इस्पितळात काही जण पैसे देतात आणि काहींवर फुकट उपचार होतात, तेथील फुकट उपचार घेणाराही कायद्याने ग्राहकच. कारण त्याचा खर्च पैसे देणाऱ्यांकडून निघतो. आपल्या मिशन दवाखान्यांची जुनी रीत हीच होती. मिरजेला डॉ. वानलेस ह्यांचे इस्पितळ १८९४ साली सुरू झाले. ऐपतदाराकडून घ्यावे आणि त्यातून गरिबाचे भागवावे, ही अशा दवाखान्यांची चाल. आज अशा अनेक संस्थांना स्वतःचाच खर्च झेपत नाही, हे दुःख आहे. पण ते तत्त्व जुने झालेले नाही.

तेव्हा रोग्याने आपला हक्क सोडू नये. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली आहे. तपशीलवार बिल मागणे आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे हे हक्क तीत आहेत. ते मागताना संकोच नको. परंतु तापाने फणफणलेल्याने किंवा रडणाऱ्या बायकोने ते कसे मागावे? तेथे आपण जावे. बिल वाचू शकणारा शिक्षक, औषधांची माहिती असलेली परिचारिका, योजनेचे कागद भरू शकणारा कारकून, अशी माणसे प्रत्येक मंडळीत आहेत. आपण आजाऱ्याला भेटायला जातो, प्रार्थना करतो, ते योग्यच आहे. प्रार्थना झाल्यावर हलकेच विचारावे, “बिलाचे काय झाले?” हा प्रश्न विचारणे अवघड वाटते, कारण उत्तर ऐकल्यावर खिशात हात घालावा लागतो. शोमरोन्याने तो घातला होता.