निवडणारा एक, खेळणारी दुसरी

मुलाला कुठल्या शाळेत घालायचं यावर आपल्याकडे घराघरांत महिनोन्महिने खल चालतो. कुठल्या स्पर्धेत उतरवायचं यावर मात्र फारसा चालत नाही. फॉर्म आला, फी भरली, पहाटेचा गजर लावला, निघालो. खेळ चांगला, म्हणजे स्पर्धाही चांगलीच असणार, असं आपण धरून चालतो.

माझी भाची अकरा वर्षांची आहे, पुण्यात राहते आणि गोल्फ खेळते. आमच्या नात्यागोत्यात हा खेळ कुणी कधी खेळलेलं नाही, त्यामुळे पहिली दोन वर्षं तिच्या मागे फिरताना आम्ही सगळेच शिकत होतो. आता ती बरं खेळायला लागली आहे आणि बरं खेळणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरी येतो तो प्रश्न आमच्याकडेही आला आहे : पुढच्या वर्षी कुठल्या स्पर्धा? दाजींनी एक तक्ता केला. तारीख, गाव, फी, प्रवास, मुक्काम आणि शेवटच्या रकान्यात रँकिंगचे गुण. तक्ता चोख होता. पण तो दोनदा वाचल्यावर माझ्या लक्षात आलं, की पहिले पाच रकाने मोठ्यांच्या सोयीबद्दल आहेत आणि सहावा भविष्याबद्दल. अकरा वर्षांची मुलगी त्यात कुठेच नाही.

तेव्हापासून मी या प्रश्नाभोवती घुटमळतोय. मला तो नियोजनाचा वाटत नाही, नीतीचा वाटतो. निवडणारा एक आणि खेळणारी दुसरी, असं असेल तर निवडणाऱ्याने कशाच्या आधारावर निवडावं?

गोल्फमध्ये हा प्रश्न जास्त बोचतो. क्रिकेटमध्ये मूल पहिल्या चेंडूवर बाद झालं तर ते येऊन बाकावर बसतं, शेजारी संघातली पोरं असतात. गोल्फमध्ये असं बाद होता येत नाही. अठरा होल, चार-साडेचार तास, मोठी स्पर्धा असेल तर ओळीने तीन दिवस. दुसऱ्या होलवर नऊ फटके गेले तरी पुढचे सोळा होल चालायचेच असतात आणि प्रत्येक फटका आपल्याच नावावर लिहिला जातो. बऱ्याच ज्युनियर स्पर्धांत आईवडिलांना खेळाडूपासून लांब राहावं लागतं. म्हणजे निवड चुकली तर तिची शिक्षा मूल एकटं, उन्हात, चालत भोगतं. निवडणारा लांबून बघत असतो.

निवड चुकली म्हणजे नेमकं काय, हे सांगायला थोडं गणित करावं लागेल. समजा, एखादं मूल पहिला फटका १५० यार्ड मारतं आणि दुसरा १३०. पार चारचा होल म्हणजे ढोबळमानाने दोन फटक्यांत ग्रीनवर पोचायचं आणि आणखी दोन हलक्या फटक्यांत चेंडू खळग्यात घालायचा. होल २७० यार्डांचा असेल तर या मुलाला ते जमू शकतं. तोच होल ३७० यार्डांचा असेल तर दोन्ही फटके कितीही निर्दोष बसले तरी चेंडू ९० यार्ड मागेच राहतो. मग तिथे कौशल्याची परीक्षा होत नाही, हाडांच्या वयाची होते. त्याच वयोगटातला, पण दहा महिन्यांनी मोठा आणि वीतभर उंच मुलगा तिथे जिंकतो. त्याचंही त्यात काही चुकत नाही. पण या निकालातून दोघांनाही स्वतःच्या खेळाबद्दल फारसं काही कळत नाही. म्हणून मला वाटतं, की स्पर्धेचं नाव किती मोठं आहे हे बघण्याआधी तिथे मुलांसाठी टी कुठे लावतात, कोर्स किती यार्डांचा पडतो, हे विचारावं.

मी भाचीला एकदा विचारलं होतं, "मोठ्या स्पर्धेत वेगळं काय असतं गं?"

ती म्हणाली, "तिथे नुसतं जोरात मारावं लागतं, मामा. विचार करायला काही मिळतच नाही."

हे वाक्य ऐकलं आणि मला बर्नार्ड सूट्स आठवला. या तत्त्वज्ञाने १९७८ साली 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात खेळ म्हणजे काय याची व्याख्या केली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की गरज नसलेले अडथळे आपखुशीने अंगावर घेणं म्हणजे खेळ. उदाहरण म्हणून त्याने गोल्फही घेतला आहे. चेंडू खळग्यातच घालायचा असेल तर हातात घेऊन जावा आणि टाकावा, काठीने मारत नेण्याचा खटाटोप कशाला? तर त्या खटाटोपातच खेळ आहे. आता यातला 'आपखुशीने' हा शब्द मुलांच्या स्पर्धांना लावून बघा. अडथळा कुणी निवडला? आणि जो अडथळा डोकं वापरून पार होण्यातला नाही, त्याला अडथळा म्हणायचं की भिंत? भिंतीसमोर उभं केलेलं मूल खेळत नसतं. ते मोठ्यांचा आदेश पाळत असतं.

"पण तिने हो म्हटलं होतं," असं आपण म्हणतो. म्हटलेलं असतंच. अकरा वर्षांच्या मुलीचं 'हो' खोटं नसतं, पण ते कशाला दिलेलं असतं हे तपासावं लागतं. स्पर्धेला? बाबांच्या चेहऱ्याला? की विमानात बसायला मिळणार म्हणून?

रूसोने १७६२ साली 'एमिल'मध्ये शिक्षणावर जी टीका केली, तिचा एक मोठा भाग याच सवयीबद्दल होता : जे येईल की नाही याची खात्री नाही अशा भविष्यासाठी मुलाचं आजचं बालपण खर्ची घालणं. त्याच्या काळात पुष्कळ मुलं मोठी होण्याआधीच मरत, त्यामुळे त्या टीकेला एक भीषण धार होती. आपली मुलं सहसा जगतात, पण ज्युनियर खेळाडूंपैकी बहुतेक जण व्यावसायिक खेळाडू होत नाहीत. ते इंजिनियर होतात, वकील होतात, कुणी नाटक करतं. ज्या भविष्यासाठी आपण रविवार खर्च करतो, ते भविष्य बहुतेकांच्या वाट्याला येतच नाही. मग त्या रविवारांचं काय?

दाजींचा यावर आक्षेप आहे आणि तो हलका नाही. ते म्हणाले, "अरे, आत्ता नाही नेलं आणि अठराव्या वर्षी ती म्हणाली, बाबा, तेव्हा का नाही नेलंत, तर मी काय सांगू तिला?"

जोएल फाइनबर्ग या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९८० साली मुलाच्या 'खुल्या भविष्याच्या हक्का'विषयी लिहिलं. मुलाचे काही हक्क असे असतात, जे ते आज वापरू शकत नाही. मोठं झाल्यावर वापरेल म्हणून तोवर ते सांभाळून ठेवायचे असतात, दारं बंद होऊ द्यायची नसतात. ऐकायला हे माझ्या बाजूचं वाटतं, पण ते दाजींच्याही बाजूचं आहे. न नेणं हासुद्धा निर्णयच असतो आणि त्यानेही एक दार बंद होतं. दर सुट्टी गोल्फला दिली तर पोहणं, चित्रकला, गल्लीतली मैत्री, नुसतं लोळत पडणं ही दारं एकेक करून बंद होतात. गोल्फला काहीच दिलं नाही तर गोल्फचं होतं. सगळी दारं उघडी ठेवणं कुणालाच शक्य नाही. म्हणून भविष्याकडे बघून हा वाद सुटत नाही.

माझ्यापुरती मी एक कसोटी केली आहे. समजा, ही मुलगी सोळाव्या वर्षी गोल्फ सोडून देणार आहे. कटकट नाही, भांडण नाही, नुसतं मन उडालं. मग मागे वळून बघताना या स्पर्धेचा दिवस वाया गेला असं वाटेल का? उत्तर 'वाटेल' असं असेल, तर तो दिवस आपण तिचा न ठेवता गुणांच्या रकान्याला विकलेला आहे. उत्तर 'नाही वाटणार' असं असेल, तर खुशाल जावं, अगदी शेवटचा नंबर आला तरी.

ही कसोटी लाड करत नाही. जिथे आपलं मूल हमखास पहिलं येणार अशा कमकुवत स्पर्धा शोधून ट्रॉफ्या जमवणारे पालक असतात. तो दिवसही या कसोटीवर टिकत नाही, कारण त्यात मुलाच्या हाती धातूचा एक पेला सोडून काही पडत नाही. याउलट एखादी खरोखर मोठी स्पर्धा टिकते. आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं खेळणाऱ्या मुलीबरोबर चार तास चालणं, ती वाळूच्या बंकरमधून चेंडू कसा काढते ते दोन हातांवरून बघणं, हे शिकणं गोल्फ सुटला तरी सुटत नाही. हार चालेल. फक्त ती मुलाला कळणारी हार असावी. 'मी शेवटच्या चार होलवर घाई केली' असं म्हणत घरी येणारं मूल आणि 'मला जमतच नाही' असं म्हणत येणारं मूल, दोघंही हरलेलीच असतात. पण पहिल्याला उद्या सकाळी करण्यासारखं काहीतरी मिळालेलं असतं.

आणखी एक गोष्ट गोल्फमध्येच जास्त दिसते. इथे प्रत्येक फटक्यावर पंच उभा नसतो. मुलं एकमेकांचे फटके मोजतात, कार्डावर लिहितात, सही करतात. झाडीत चेंडू किंचित हलला, हे बऱ्याचदा एकट्या खेळाडूलाच माहीत असतं. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्सने असाच हललेला चेंडू स्वतःहून सांगितला, एक फटका दंड घेतला, शेवटी बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये तो हरला. अशा प्रामाणिकपणाच्या गोष्टी आपण मुलांना सांगतो आणि लगेच त्यांना अशा ठिकाणी नेतो, जिथे एका फटक्यावर रँकिंग, प्रवासाचा खर्च आणि घरचा मूड अवलंबून असतो. खोटं न बोलण्याची ताकद हळूहळू येते. तिच्यावर किती वजन टाकायचं, हेही स्पर्धा निवडताना आपणच ठरवत असतो.

हे ओझं एकेका घरावर न टाकता साऱ्या देशानेही उचलता येतं. नॉर्वेत मुलांच्या खेळातल्या हक्कांचे नियम १९८७ पासून आहेत, २००७ मध्ये ते सुधारले गेले. अकराव्या वर्षाआधी निकालांच्या याद्या आणि रँकिंग नाही, तेराव्या वर्षाआधी राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. २०१८ साली यूएस अमॅच्युअर आणि २०२३ साली फेडएक्स कप जिंकणारा व्हिक्टर होवलंड त्याच देशातला, ऑस्लोत जन्मलेला. या नियमांमुळे तो घडला असं मी म्हणणार नाही. या नियमांनी त्याला अडवलं नाही, एवढं मात्र दिसतं.

आणि हेही विसरू नये, की 'कुठली स्पर्धा' हा प्रश्न पडणं हीच चैन आहे. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा अली शेर दिल्लीत कॅडी होता. २०१६ आणि २०१७ साली तीच स्पर्धा जिंकणारा एसएसपी चौरसिया कोलकात्यातल्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबच्या हिरवळीची देखभाल करणाऱ्याचा मुलगा. लहानपणी त्यांच्यासाठी कुणी तक्ते केले असतील असं वाटत नाही. आमच्या भाचीची बॅग कधीमधी उचलणारा कॅडी वयाने तिच्याहून फार मोठा नाही. ज्याला निवडीचा हक्क आहे त्याने ती जपून करावी, असं मला त्याच्याकडे बघूनही वाटतं.

अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, तेव्हा तिची कॅडी तिची आई होती. त्याआधी रिओमध्ये वडील होते. कॅडीला नियमाने बरंच काही करता येतं : बॅग उचलायची, अंतर सांगायचं, वारा कुठून येतोय ते सांगायचं, अगदी कुठला क्लब घ्यावा हेसुद्धा. मग मागे व्हायचं. फटका मारता येत नाही.

दाजींनी तक्त्यात आता सातवा रकाना घातला आहे, कोर्सच्या लांबीचा. त्यानंतर नऊपैकी पाच स्पर्धा राहिल्या. मे महिना मोकळा ठेवला आहे. पाचांतली एक मोठी आहे, भाचीला झेपेल त्याहून थोडी जास्तच. तिची फी या शुक्रवारपर्यंत भरायची आहे. त्याआधी तिला विचारायचं ठरलं आहे, आणि "नको" म्हणाली तरी घरातला आवाज बदलायचा नाही, हे मोठ्यांचं आपसांत ठरलं आहे. मला यातला दुसरा भाग जास्त अवघड वाटतो.