तारांखालचा मुलूख

खोपोलीच्या जलविद्युत् केंद्रातून 1915 साली वीज निघाली ती थेट मुंबईच्या गिरण्यांकडे गेली, आणि 1922 साली भिवपुरीचे केंद्र चालू झाले तेव्हा त्याची वीजही त्याच वाटेने गेली. घाटमाथ्यावरचा पाऊस तलावांत अडवावा, प्रचंड नळांतून तो पायथ्याशी उतरवावा, आणि त्यातून उत्पन्न झालेली शक्ती खालापूर-कर्जतच्या भातखाचरांवरून मनोऱ्यांच्या रांगांनी मुंबईस पोहोचवावी, ही टाटांची योजना स्थापत्याच्या दृष्टीने थक्क करणारी होती. परंतु त्या मनोऱ्यांच्या पायथ्याशी राब भाजणाऱ्या ठाकराच्या आणि कातकऱ्याच्या घरात त्यानंतरही कित्येक दशके रॉकेलची चिमणीच जळत राहिली. माथेरानचे वकील भाई कोतवाल यांच्या आझाद दस्ता या क्रांतिकारी पथकाने 1942 साली हेच मनोरे पाडण्याचा सपाटा लावला, त्यामागे सरकारच्या युद्धोद्योगाची रसद तोडण्याचा हेतू होता. आणि 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर कोतवाल धारातीर्थी पडले. त्यांच्या स्मारकास दरवर्षी हार पडतात. मात्र हाती शस्त्र धरण्यापूर्वी याच गृहस्थाने या मुलखात शाळा काढल्या होत्या आणि त्यांच्या जोडीने धान्यकोठ्याही उभारल्या होत्या, ही गोष्ट त्या प्रसंगी क्वचितच कोणी उच्चारतो. सावकाराच्या दारी दीडपटीच्या बोलीने धान्य आणावयास जाणाऱ्या माणसाला नुसती बाराखडी शिकवून भागत नाही, हे त्या वकिलाने नेमके ओळखले होते असे मला वाटते.

आज या तालुक्यांत मनोऱ्यांची दुसरी पिढी उभी आहे, ती मोबाइलची. या खेपेस तारांखालचा मुलूख अगदीच अंधारात राहिलेला नाही. फोन वाडीवाडीत पोहोचला आहे. परंतु पोहोचणे निराळे आणि हाती येणे निराळे. पहिल्या पावसानंतर नेरळ-कर्जतच्या स्थानकांबाहेर शेवळे, कर्टुली, भारंगी अशा रानभाज्यांच्या टोपल्या घेऊन ठाकर बायका बसतात. आता त्यांतल्या काहींच्या टोपलीशी क्यूआरचा चौकोनी कागद टेकून ठेवलेला दिसतो, आणि मुंबईचा गिऱ्हाईक ते पाहून देशाच्या प्रगतीबद्दल समाधान पावतो. पैसे पाठविताना पडद्यावर नाव उमटते ते मात्र पुष्कळदा एखाद्या पुरुषाचे असते. मुलाचे, जावयाचे, कधी शेजारच्या दुकानदाराचे. पहाटे डोंगर चढून भाजी खुडणारी बाई आपल्याच विक्रीच्या व्यवहारात खातेदार नसते, साक्षीदार असते. रोख नोटा होत्या तोवर त्या निदान तिच्या कनवटीला तरी लागत असत.

कागदपत्रांचीही तीच कथा. सातबारा, फेरफार, खातेउतारा ही मामलेदार कचेरीच्या दप्तरातील दौलत आता पडद्यावर आली. ई-पीक पाहणी 2021 पासून शेतकऱ्याने स्वतःच फोनवर नोंदवावयाची ठरली. रेशनचे धान्य यंत्रावर अंगठा उमटल्यावाचून मिळेनासे झाले, आणि वीटभट्टीवर माती थापून ज्यांच्या बोटांच्या रेघाच झिजल्या आहेत त्यांचा अंगठा यंत्र ओळखत नाही. 2024 साली लाडक्या बहिणींसाठी दरमहा पंधराशे रुपयांची योजना निघाली तेव्हा राज्यभर सेतू केंद्रांपुढे बायकांच्या रांगा लागल्या. अर्ज त्यांचा होता, पण तो भरणारे बोट दुसऱ्याचे होते. देशातले पहिले आधारपत्र 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावच्या रंजना सोनवणे या आदिवासी महिलेच्याच हाती देण्यात आले होते. समारंभात अग्रभागी आणि व्यवहारात पाठीमागे, हा क्रम तेव्हापासून फारसा बदललेला नाही.

यावर सर्वसंमत उपाय म्हणजे प्रशिक्षण. या बाबतीत महाराष्ट्राला इतिहासही आहे: 2001 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्यातालुक्यांत नेला, आणि संगणकाची भीती घालविण्याचे त्याचे श्रेय कोणीही नाकारू नये. परंतु सरकारी नोकरीच्या अर्जास जोडावयाची सनद हेच त्याचे मुख्य आकर्षण ठरले. आणि ज्या बाईला नोकरीचा अर्जच करावयाचा नाही, जिला टोपलीतल्या भाजीचे पैसे आपल्या नावावर हवे आहेत, तिच्या दृष्टीने ती सनद भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीइतकीच उपयोगाची.

म्हणून मला या प्रश्नाचा विचार करताना कर्जतपासून दूरच्या, सातारा जिल्ह्यातील माण या दुष्काळी तालुक्याकडे वळावेसे वाटते. चेतना गाला-सिन्हा या मुंबईत वाढलेल्या, जयप्रकाशांच्या चळवळीत घडलेल्या. विजय सिन्हा यांच्याशी विवाह करून त्या म्हसवडला राहावयास गेल्या. तेथे रस्त्याच्या कडेला लोहारकाम करून राहणाऱ्या कांताबाई त्यांच्याकडे आल्या. पावसाळ्यापूर्वी डोक्यावर आच्छादन म्हणून प्लॅस्टिकचा कागद घ्यावा एवढ्यासाठी त्यांना रोज थोडे थोडे पैसे साठवावयाचे होते, आणि इतक्या किरकोळ रकमेचे खाते उघडण्यास बँक तयार नव्हती. तेव्हा बायकांचीच बँक काढावी असे ठरले. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला, आणि प्रवर्तक सभासद निरक्षर आहेत या कारणास्तव तो नामंजूर झाला.

पुढे जे घडले ते पुष्कळदा सांगितले गेले आहे, पण त्याचा अर्थ नीट लावला जात नाही. त्या बायका रडत बसल्या नाहीत. दिवसभराचे काम आटोपून त्या अक्षरे गिरवू लागल्या, आणि काही महिन्यांनी पुन्हा रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांपुढे जाऊन त्यांनी उलट आव्हान दिले, की आमच्या लहानपणी गावात शाळा नव्हती म्हणून आम्हाला वाचता येत नाही, पण कोणत्याही मुद्दलाचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या साहेबांनीही ते यंत्रावाचून करून दाखवावे. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँकेस परवाना मिळाला. आपण ही कथा सांगताना साक्षरतेचा विजय म्हणून सांगतो. मला ती हिशेबाचा विजय वाटते. अक्षरे त्या शिकल्या खऱ्या, परंतु ती शिकण्याची निकड बँकेने निर्माण केली. आधी व्यवहार, मग त्या व्यवहाराने मागितलेले ज्ञान. आपल्या बहुतेक योजना हा क्रम उलटा करतात आणि मग शिकलेले लोक विसरतात म्हणून आश्चर्य करतात.

बँकेपाठोपाठ 2006-07 च्या सुमारास ग्रामीण बायकांसाठी उद्योगशिक्षणाची शाळा आली. तिचे वर्ग गावी पोहोचावेत म्हणून बसगाडीतच वर्ग थाटण्यात आला, कारण बाईला शाळेपर्यंत आणण्यापेक्षा शाळा तिच्या दाराशी नेणे सोपे. पुढे व्यवहार यंत्रावर आले तेव्हा बँकेने बायकांना गुप्त अंक लक्षात ठेवण्यास सांगितले, आणि त्यांनी ते साफ नाकारले. अंक कोणीही चोरून पैसे काढील, अंगठा कोण चोरणार, असे त्यांचे म्हणणे पडले, आणि बँकेने अंगठ्याची सोय केली. याच अंगठ्याने त्यांच्या आज्यांची शेते सावकाराच्या दस्तऐवजांवर गहाण पडली असतील. यंत्रही तसे अंगठाच मागणारे, रेशनच्या दुकानातल्यासारखेच. फरक एवढाच की येथे तो कोठे व कशासाठी उमटवावयाचा हे अंगठ्याच्या धनिणीने ठरविले. चेतनाताईंची ओळख आपण समाजसेविका म्हणून करून देतो. मला उद्योजिका हा शब्द अधिक न्याय्य वाटतो, कारण त्यांनी उभारलेल्या बँकेला आपल्या व्याजावर आणि आपल्या वसुलीवर जगावे लागते, आणि जी संस्था असे जगते तिला आपल्या गिऱ्हाइकाचे ऐकून घेणे भागच असते.

समुद्रापलीकडे आफ्रिकेतही हाच अनुभव दिसतो. त्या खंडाशी आपल्या स्त्रीशिक्षणाचे नाते तसे जुने: महर्षी कर्वे 1930 च्या अखेरीस आपल्या महिला विद्यापीठाच्या कार्यासाठी निघाले ते केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबारपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत हिंडले, आणि तेव्हा त्यांनी वयाची सत्तरी ओलांडलेली होती. आज त्याच केनियात नैरोबी येथे जुडिथ ओविगार, लिंडा कामाऊ, मारी गिथिंजी आदी तरुणींनी 2010 साली उभारलेली अकिराचिक्स ही संस्था गरीब घरांतील मुलींना संगणकाची आज्ञावली लिहावयास शिकविते. केपटाउनमध्ये बारातांग मिया यांची गर्लहाइप 2003 पासून तेच काम करीत आली आहे. परंतु केनियातील सामान्य बाईला फोनवरचा पैसा हाताळण्यास कोणत्या वर्गाने शिकविले, असे विचारले तर उत्तर एम-पेसा ही फोनवरची सेवा असे द्यावे लागेल. लहान कर्जांचे हप्ते फोनवरून भरता यावेत म्हणून 2005 साली तिचा प्रयोग सुरू झाला; कर्जदारांनी मात्र ती परस्परांना पैसे पाठविण्यासाठी वापरावयास आरंभ केला, आणि 2007 साली ती घरी पैसे पाठविण्याची सोय म्हणूनच बाजारात आली. कोपऱ्यावरचा टपरीवाला दलाल हाच तिचा शिक्षक झाला, आणि प्रत्येक व्यवहारागणिक त्याला दोन पैसे मिळत असल्यामुळे तो शिकविण्यास कंटाळला नाही.

यावर कोणी म्हणेल की कातकरी वाडीत बँक काढण्याइतकी बचतच नाही. हा आक्षेप खोटा नाही. ज्याची वीटभट्टीवरची मजुरी उचल म्हणून आधीच खर्चून गेली आहे त्याला खाते आणि क्यूआर देऊन काय होणार? भट्टीमालकाच्या वहीत आपल्या नावापुढे किती विटा मांडल्या आहेत हे ज्या बाईला ठाऊक नाही, तिच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे कौशल्य फोनवर रोजच्या विटांची नोंद करून ठेवणे हेच असेल. मग ती आवाजात बोलून ठेवली तरी चालेल, कारण फोनला अक्षरांची अट नाही. हंगामाच्या शेवटी मालकाची वही आणि तिची नोंद समोरासमोर आल्या म्हणजे जे शिक्षण होईल ते कोणत्याही वर्गात होणार नाही. शिकविणारी बाईही वाडीतलीच असावी, आणि अर्ज, उतारे, खात्यातील भरणा यांबद्दल जो मोबदला आज नाक्यावरच्या केंद्रचालकाकडे जातो त्याचा वाटा तिला मिळावा. महिला आर्थिक विकास महामंडळासारखी यंत्रणा राज्यात 1975 पासून आहे, बचतगटांचे जाळे आहे. नवे सरकारी खाते उघडण्याची गरज नाही.

अडचण आहे ती वेळापत्रकाची. भाताची कापणी आटोपली की दिवाळीच्या मागेपुढे वाड्या भट्ट्यांच्या वाटेला लागतात आणि आगोटीच्या सुमारास, मृगाच्या तोंडावर परततात. आपले सरकारी वर्ष मात्र 31 मार्चला संपते, आणि मंजूर निधी त्यापूर्वी खर्ची पडला पाहिजे या न्यायाने शिबिरांची घाई होते ती नेमकी जानेवारी ते मार्चच्या दरम्यान, म्हणजे वाडीत म्हातारी माणसे, कोंबड्या आणि कुलुपे यांवाचून काही नसते तेव्हा. लावणी उरकून बेणणी झाली की श्रावण-भाद्रपदात बाई घरी असते, पोटापुरती उसंत असते, आणि पुढच्या हंगामाची उचल अजून घेतलेली नसते. प्रशिक्षणाचे दिवस तेच. त्या दिवसांत विजेचा भरवसा नसतो आणि डोंगराआड फोनला रेंजही नसते, हे खरे. पण खोपोली-भिवपुरीची वीज शंभर वर्षे ज्यांच्या डोक्यावरून गेली त्यांच्या वाडीत पावसाळ्याचे दोन महिने ती अखंड ठेवणे हे काम वीज कंपनीचे आहे, त्या बाईचे नव्हे.