निमिट्झची सेलरी

डेव्हिड वेबर यांच्या ऑनर हॅरिंग्टन या विज्ञानकथा-मालिकेचे चाहते तिच्यावर जितकं प्रेम करतात, तितकीच तिची टरही उडवतात. क्षेपणास्त्रं सुटली की ती लक्ष्यावर पोचेपर्यंत वेगाचं आणि अंतराचं गणित पानंच्या पानं चालतं, ही एक नेहमीची थट्टा. दुसरी सेलरीची.

ही सेलरी लागते निमिट्झला. १९९३ साली आलेल्या 'ऑन बॅसिलिस्क स्टेशन' या पहिल्या कादंबरीपासून तो आरमारी अधिकारी असलेल्या नायिकेच्या, ऑनरच्या, खांद्यावर बसलेला आहे. स्फिंक्स ग्रहावरचा हा ट्रीकॅट सहा हातापायांचा, मांजरासारखा केसाळ. नाव मात्र अमेरिकी अ‍ॅडमिरल चेस्टर निमिट्झ यांचं. त्याला कुणी पाळलेलं नाही. ट्रीकॅटच माणूस निवडतो, आणि एकदा निवडला की जन्माची गाठ पडते. समोरच्याच्या मनातला राग, भीती, कपट त्याला थेट जाणवतं.

तत्त्वज्ञानाची अडचण इथेच सुरू होते. निमिट्झने कान मागे पाडले की तो माणूस खलनायक, हे वाचक खुशाल धरून चालतो. ज्याचा अंदाज सहसा चुकत नाही तो सोबती म्हणायचा की तापमापक? तापमापकाला आपण हुशार म्हणत नाही, आणि त्याला हक्क असावेत असंही कुणाला वाटत नाही. वेबर यांनी निमिट्झला बुद्धी दिली, विनोदबुद्धी दिली, पुढे हातांच्या खुणांची भाषाही दिली. तरी नायिकेच्या मताविरुद्ध ठाम उभं राहण्याची पाळी त्याच्यावर फारशी आणली नाही. हा लेखकाचा कमकुवत दुवा आहे.

आणि तिथे सेलरी मदतीला येते.

ट्रीकॅट मुळात मांसाहारी. सेलरी त्यांच्या पोटाला मानवत नाही, तरी देठ दिसला की निमिट्झचा धीर सुटतो. कळतं पण वळत नाही, असा हा प्रकार. अ‍ॅरिस्टॉटलने 'निकोमॅकियन एथिक्स'च्या सातव्या भागात याच दुबळेपणाचा कीस काढला आहे. पशूंना संयम सुटल्याचा दोष देता येत नाही, असं तो म्हणतो. कारण 'हे आपल्याला वाईट' असा सर्वसाधारण विचारच त्यांच्याजवळ नसतो, असतात त्या फक्त सुट्या गोष्टींच्या प्रतिमा आणि आठवणी. म्हणजे मोह होणं हा पशूचा स्वभाव, पण मोहाला शरण जाणं हे विचार करणाऱ्याचंच काम. या मापाने वाचक सेलरीच्या ज्या मोहाला हसतात, तोच निमिट्झच्या व्यक्तिपणाचा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.

प्राण्यांच्या व्यक्तिपणाचे खऱ्या जगातले दावे मात्र सद्‌गुणांवर लढवले जातात. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातली हत्तीण हॅपी २००५ साली आरशातल्या स्वतःला ओळखताना दिसली. तिच्या सुटकेच्या अर्जामागे बुद्धी आणि आत्मभान यांचीच साक्ष होती. १४ जून २०२२ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी तो फेटाळला: बेकायदा कैदेतून सुटका मागण्याचा हेबियस कॉर्पसचा हक्क माणसांसाठीच आहे. आपलं बरंवाईट कळूनही हॅपी कधी मोहाला शरण गेली का, हा अ‍ॅरिस्टॉटलला सुचला असता असा प्रश्न. पण ते सिद्ध कसं करायचं? ऑनरला निमिट्झच्या भावना आतून कळतात, म्हणून तिला पुरावा लागत नाही. वेबर यांनी ती सोय करून ठेवली आहे, आणि न्यायाधीशांना ती मिळण्यासारखी नाही.