कासवाचा दृष्टांत आणि सांजवेळ



श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाचे लक्षण सांगताना भगवंतांनी कासवाचा दृष्टांत दिला आहे. कासव जसे आपले अवयव चहूकडून आत ओढून घेते, तसा जो इंद्रियांना विषयांपासून आवरतो, त्याची बुद्धी स्थिर होते. यातील मर्म असे की, कासव अवयव तोडून टाकीत नाही. ते आवरते, आणि वेळ येताच पुन्हा चालू लागते.

कतारगामच्या हिऱ्यांच्या कारखान्यांत दिवसभर बारीक काम करून डोळे शिणतात. तो शीण झोपेने उतरतो. परंतु घरी येऊन मोबाइलवर चालणाऱ्या अखंड संभाषणाचा शीण झोपेनेही उतरत नाही. कारण तेथे मनच शेकडो ठिकाणी वाटले जाते. एकाचे अभिनंदन, दुसऱ्याचे सांत्वन, तिसऱ्याशी वाद, चौथ्याने उत्तर का दिले नाही याची रुखरुख, हे सारे एका घटकेत! शंभर जणांना उत्तरे देऊन झाल्यावर शेजारी बसलेल्या आईसाठी एक शब्द उरत नाही. हीच खरी हानी होय.

कोणी म्हणेल, गावाकडील वृद्ध आईवडिलांचा आवाज याच साधनामुळे रोज कानी पडतो. ते सत्य आहे. म्हणून साधन त्याज्य नव्हे. आहार, विहार, कर्म, निद्रा आणि जागृती ही सर्व प्रमाणात असावीत, असे गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. संभाषणालाही तोच नियम लागू आहे.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 च्या ऑगस्टमध्ये असाच नियम केला. सायंकाळी 7 वाजता मंदिरावरील भोंगा वाजे, आणि साडेआठपर्यंत घरोघरी मोबाइल व दूरचित्रवाणी बंद राही. मुले अभ्यासास बसत, मोठी माणसे एकमेकांशी बोलत. एकट्याने जो निग्रह टिकत नाही, तो साऱ्या गावाने मिळून केल्यास सुलभ होतो. सर्वच थांबले म्हणजे उत्तर राहून गेल्याची रुखरुखही उरत नाही.

आपल्याकडे भोंग्याची आवश्यकता नाही. सांजवातीची परंपरा आहे. देवापुढे दिवा लागला की घरातील सर्वांनी मोबाइल एका कोनाड्यात ठेवावेत आणि रात्रीचे जेवण होईपर्यंत त्यांना स्पर्श करू नये. प्रथम आठ दिवस मन चुळबुळेल. तथापि नेम सोडू नये. वडीलधाऱ्यांनी आरंभ स्वतःपासून करावा. मुले उपदेशाहून आचरण लवकर उचलतात.

सर्वांच्या घरी सांजवेळ शांत जावो, हीच श्रीचरणी प्रार्थना.