छात्राध्यापकाच्या हातातील साधन

उत्तर नागपुरातील जरीपटका ही वसाहत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांनी नावारूपास आणली, आणि तिच्या शेजारच्या इंदोरा परिसरात १९५६ च्या धर्मांतराची स्मृती घराघरांत जागती आहे. घरी सिंधी, बाजारात हिंदी आणि शाळेत मराठी, किंवा घरी नागपुरी वळणाची मराठी आणि पुस्तकात प्रमाण मराठी, असा व्यवहार करीत येथील मूल वर्गात येऊन बसते. आणि त्याच वर्गात आंतरवासितेच्या निमित्ताने एखादी छात्राध्यापिका पाठ टाचणाची वही, रंगीत खडू आणि आता त्यांच्या जोडीला लॅपटॉप व प्रोजेक्टर असा सरंजाम घेऊन प्रवेश करते. या नव्या सरंजामाचे शिक्षण तिला कोणी आणि कसे द्यावे, हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसत असला, तरी अध्यापक-शिक्षणाचे सारे बरेवाईट आज त्यातच एकवटले आहे, असे माझे मत आहे.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला, शाळेतील आंतरवासिता किमान २० आठवड्यांची ठरली आणि माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानालाही अभ्यासक्रमात स्थान मिळाले. तजवीज उत्तम होती. परंतु प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तंत्रज्ञानाचे प्रात्यक्षिक संगणक कक्षात उरकते, अध्यापन पद्धतीचा तास दुसऱ्या खोलीत होतो, आणि या दोहोंची गाठ घालून देण्याचे काम कोणाकडेच सोपविलेले नसते. स्लाइड कशी करावी, चित्रफीत कशी जोडावी, ऑनलाइन चाचणी कशी तयार करावी हे छात्राध्यापक शिकतात, त्याच्या छापील प्रती फाइलीत लावतात आणि गुण मिळवितात. मात्र कोणत्या क्षणी ती स्लाइड बंद करून मुलांकडे वळावे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

चंद्रकलांवरचा एक सरावपाठ मी वर्गाच्या मागच्या बाकावर बसून पाहिला. पडद्यावर पृथ्वीभोवती चंद्र सुरेख फिरत होता, मुले तल्लीन होती, आणि इतक्यात खिडकीजवळच्या एका मुलीने विचारले, ‘‘मॅडम, सकाळी शाळेत येताना कधी कधी चंद्र दिसतो, तो कसा काय?’’ छात्राध्यापिका क्षणभर थबकली, टाचणात या प्रश्नाला जागा नव्हती, म्हणून ‘‘ते आपण पुढे पाहू’’ असे म्हणून तिने पुढची स्लाइड आणली. पाठ वेळेत संपला आणि निरीक्षणाच्या तक्त्यात साधनाच्या वापराबद्दल चांगला शेरा पडला. वास्तविक त्या पाठातील सर्वांत मौल्यवान गोष्ट तो प्रश्नच होता. पौर्णिमेनंतरच्या दिवसांत सकाळी पश्चिमेकडे चंद्र दिसतो. त्या वेळी उन्हात उभे राहून एखादा चेंडू चंद्राच्या दिशेने धरला, तर चेंडूचा जेवढा भाग उजळतो तेवढाच चंद्राचाही उजळलेला दिसतो, आणि सातवीतल्या मुलाला कलांचे कारण समजण्यासाठी याहून अधिक काही लागत नाही. त्या मुलीला ‘‘उद्या चेंडू घेऊन ये’’ एवढे म्हणण्याचे स्वातंत्र्य छात्राध्यापिकेला वाटले नाही, याचा दोष मी तिला देत नाही. पडदा ही पाठाची पूर्तता आहे असे तिला आपणच शिकविले आहे.

साधन आणि शिक्षक यांच्या नात्याचा विचार विदर्भाला नवा नाही. नागपूरहून पाऊणशे किलोमीटरवरील वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि मूलोद्योगी शिक्षणाच्या योजनेत टकळी हे वर्गातले साधन ठरले. आज ते विचित्र वाटेल. परंतु त्या योजनेचा खरा हेतू ध्यानात घेतला पाहिजे. सूत काढता काढता तारांच्या मोजणीतून गणित, कापसाच्या पिकातून भूगोल आणि वस्त्राच्या कथेतून इतिहास उलगडावा, अशी ती समवाय पद्धती होती. आणि म्हणून शिक्षकाला सूत कातता येणे ही निव्वळ पहिली पायरी होती, खरी परीक्षा समवाय साधण्याची होती. जेथे शिक्षक केवळ कातायला शिकला तेथे टकळी फिरत राहिली आणि शिक्षण थांबले. तंत्रज्ञानाच्या प्रशिक्षणात आपण नेमके हेच पुन्हा करीत आहोत: यंत्र चालविणे शिकवितो, समवाय शिकवीत नाही.

पुढे १९८७ मध्ये देशभर खडू-फळा मोहीम सुरू झाली. प्राथमिक शाळांना नकाशे, पृथ्वीगोल, विज्ञानपेट्या मिळाल्या. अनेक शाळांत त्यांची जडवस्तूसंग्रह नोंदवहीत रीतसर नोंद झाली, आणि वस्तू फुटली तर जबाब कोणी द्यायचा, या धास्तीने पेट्या कपाटात बंद राहिल्या. दफ्तरात सुरक्षित असलेले साधन वर्गात अस्तित्वातच नसते. याउलट पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडचा प्रयोग सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुढे आणला, आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळाले. पुरस्कारापेक्षा मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो: कल्पना वर्गात जन्मली आणि शासनाचा हुकूम मागाहून निघाला.

जरीपटक्याच्या वर्गातही असे काही जन्मू शकते, ही माझी खात्री आहे. येथील सिंधी घरांतून अजून असे वृद्ध आहेत, ज्यांनी बालपणी १९४७ ची ताटातूट पाहिली. इंदोऱ्यात असे वृद्ध आहेत, जे १९५६ च्या ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर लहान मुले म्हणून वडीलधाऱ्यांबरोबर गेले होते. छात्राध्यापिकेने मुलांना मोबाइलवर आजी-आजोबांची परवानगी घेऊन त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावयास सांगावे, ते वर्गात ऐकवावे, त्यातले सिंधी शब्द सिंधी मुलांकडूनच मराठीत समजून घ्यावेत, आणि मग इतिहासाच्या पुस्तकातील परिच्छेद उघडावा. हे काम फळ्याने होणार नाही, पुस्तकाने होणार नाही; ते त्या लहानशा यंत्रानेच होईल, आणि जे मूल वर्गात गप्प असते तेच त्या दिवशी दुभाषी होईल. सिंधी भाषेला १९६७ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. शाळेच्या तासात ते मिळवून देणे शिक्षकाच्या हाती आहे.

‘आजची तरुण पिढी मोबाइल घेऊनच वाढली, तिला निराळे काय शिकवायचे?’ असा आक्षेप घेतला जातो. तो मला मुळीच मान्य नाही. मोबाइल वापरण्याची सवय आणि तो दुसऱ्याच्या बुद्धीला चालना देण्यासाठी वापरण्याचा विवेक या अगदी भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट अनुभवी शिक्षकाच्या सहवासाशिवाय येत नाही.

म्हणून शिक्षणशास्त्र महाविद्यालयांच्या प्राचार्यांना माझी कळकळीची विनंती आहे. तंत्रज्ञानाचे प्रात्यक्षिक संगणक कक्षातून काढून आंतरवासितेच्या शाळेत न्यावे, त्याचे गुण स्लाइडच्या देखणेपणावर न देता त्या तासात मुलांनी विचारलेल्या प्रश्नांवर द्यावेत, आणि छात्राध्यापकाने साधन मध्येच बाजूला ठेवले, तर का ठेवले हे त्याला विचारून, कारण योग्य असेल तर त्यालाही गुण द्यावेत. यासाठी नवा शासन निर्णय लागत नाही. २० आठवडे आधीच हाताशी आहेत.