वकालत आणि गवाही

दुसऱ्याच्या दुःखाबद्दल बोलण्याचा हक्क आपल्याला कोण देतो? प्रश्न जुनाच आहे. शायर, शाहीर, पुढारी, पत्रकार, इतकेच काय आम्ही शिक्षकसुद्धा दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या वतीने बोलत असतो. "गरिबाचे म्हणणे असे आहे", "शेतकऱ्याला हे हवे आहे", "मुस्लिम समाजाला असे वाटते" ही वाक्ये आपण सहज उच्चारतो. त्या गरिबाने किंवा शेतकऱ्याने तसे कधी सांगितले होते का, हे विचारायचे राहून जाते.

या प्रश्नाकडे मी जरा आडवाटेने आले. आसेगावसारख्या गावातही वरच्या वर्गातली मुले मोबाईलवर रॅप ऐकतात. कुर्ल्याच्या नेझीचे 'आफत' २०१४ साली आले, त्याने ते आयपॅडवर चित्रित केले होते, हे त्यांना पाठ असते. इतिहासातल्या सनावळ्या मात्र पाठ होत नाहीत. गाणे-बजावणे जायज की नाजायज, हा वाद मी इथे काढत नाही; तो माझा अधिकार नाही. मुले काय ऐकतात ते आपणही ऐकावे, म्हणून मी ऐकू लागले आणि एका गटापाशी थांबले. मुंबईतल्या या गटाचे नाव 'स्वदेसी'.

२०१३ च्या सुमारास एकत्र आलेल्या या तरुणांपैकी एमसी मवाली मराठीत बोलतो. धर्मेश परमार, म्हणजे एमसी तोडफोड, गुजरातीत रॅप करायचा. त्यांच्याबरोबर गाणारा सौरभ अभ्यंकर अमरावतीचा. तो आपले नाव '१०० आरबीएच' असे लिहितो; शंभराचे 'सौ' वाचा आणि पुढे अक्षरे जोडा, की सौरभ! या गटाच्या संगीतात एकच रंग नाही. हिप हॉपला जमैकाच्या डबची आणि रेगेची जोड आहे. ती जोड मूळचीच म्हणायला हवी, कारण १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात ज्या कूल हर्कच्या मेजवानीतून हिप हॉप सुरू झाले असे मानतात, तो स्वतः जमैकात जन्मलेला. पुढे विवेक राजगोपालन या मृदंगवादकाने या मुलांना कर्नाटक संगीतातले कोनक्कोल, म्हणजे तोंडाने म्हणायचे तालाचे बोल, शिकवले आणि त्यातून 'ता धोम' हा प्रकल्प उभा राहिला. झोया अख्तर यांच्या 'गली बॉय' (२०१९) या चित्रपटातले 'इंडिया ९१' हे गाणे त्याच वळणाचे आहे. अनेक भाषा एका तालावर येतात आणि कुणालाही आपली बोली घरी ठेवून यावे लागत नाही. उर्दू माध्यमात शिकवणाऱ्या, पण वऱ्हाडी मिसळलेली उर्दू बोलणारी मुले रोज समोर असणाऱ्या माणसाला याचे मोल जरा जास्तच कळते.

पण माझा प्रश्न वेगळा होता आणि तो त्यांच्या 'द वारली रिव्होल्ट' या २०१९ मधल्या गाण्याने उभा केला. मुंबईच्या आरे जंगलात मेट्रो ३ ची कारशेड होणार होती. तिथल्या पाड्यांवर वारली आदिवासी राहतात. गाण्याच्या नावात १९४५ चा वारल्यांचा उठाव आहे. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांनी वेठबिगारी आणि लग्नगडीची गुलामी झुगारली, तो उठाव. एवढे मोठे नाव आपल्या गाण्याला देणे हे धाडस आहे. शहरातली ही मुले काही वारली नव्हेत. मग त्यांनी ते का म्हणून द्यावे?

उत्तर गाण्यातच आहे. त्यात प्रकाश भोईर गातात. ते आरेतल्याच पाड्यावर राहणारे, जंगल वाचवण्याच्या लढ्यात उभे असलेले आदिवासी कलावंत. रॅप करणारे त्यांच्या जागी बोलत नाहीत, त्यांच्या शेजारी बोलतात. मला हा फरक फार मोठा वाटतो. त्याला नावे द्यायची तर आपल्या ओळखीचे दोन शब्द आहेत: वकालत आणि गवाही.

वकील अशिलाच्या जागी उभा राहतो. अशील गप्प बसतो, वकील बोलतो. त्याचे काम खटला जिंकून देणे. त्यासाठी तो सोयीचे ते पुढे करतो, गैरसोयीचे मागे ठेवतो, फी घेतो, आणि त्यात काही गैर नाही. गवाहाचे तसे नसते. त्याने जे पाहिले तेवढेच सांगायचे. दुःख माझे आहे असा त्याचा दावा नसतो, मी तिथे होतो एवढाच असतो. त्याला फी मिळत नाही, फार तर भत्ता मिळतो. खटला हरला तरी त्याची गवाही खोटी ठरत नाही. उर्दूत गवाहीला शहादत म्हणतात आणि जीव देण्यालाही शहादतच म्हणतात. एका शब्दात हे दोन अर्थ का राहतात, हे मुलांना समजावून सांगताना मी दर वर्षी थोडी अडखळते.

आरेचा खटला तर हरलाच. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडे तोडायला सुरुवात झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर दोन हजारांवर झाडे पडली होती. पुढे सरकारे बदलली, कारशेड कांजूरमार्गला गेली आणि परत आरेत आली. ऑक्टोबर २०२४ पासून आरेहून मेट्रो धावू लागली. मेट्रो नको असे मी म्हणणार नाही. लोकलच्या गर्दीत लोंबकळणाऱ्या माणसाला वाशीम जिल्ह्यातून उपदेश करणे सोपे आहे. पण गाण्याने काय साधले, असे कुणी विचारले तर वकिलाच्या हिशोबाने उत्तर शून्य येते. गवाहाच्या हिशोबाने तसे येत नाही. तिथे माणसे राहत होती, त्यांना आवाज होता आणि तो असा होता, एवढे नोंदले गेले.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. गवाह आपली गवाही देऊन घरी जातो. ज्याचे घर प्रश्नात आहे तो तिथेच राहतो. टाळ्या शहरात, खड्डे पाड्यावर. याला माझ्याजवळ पुरते उत्तर नाही. शाहीर अमर शेख आठवतात. बार्शीचे महबूब हुसेन पटेल. गाडीवर क्लीनर, गिरणीत कामगार असे जगणे जगून ते मग कामगारांसाठी गायले, अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथकात उभे राहिले, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजाने मैदाने भरली. १९६१ च्या 'प्रपंच' चित्रपटात त्यांनी कामही केले. ते सिनेमात गेले म्हणून त्यांची गवाही कुणी बाद केली नाही. म्हणजे पैसा किंवा पडदा हा मूळ दोष नव्हे. कलावंतालाही घर चालवायचे असते.

दोष दुसरीकडे आहे, आणि त्याचे उदाहरण 'गली बॉय'मध्येच सापडते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात २०१६ साली गाजलेल्या आझादीच्या घोषणांवरून डब शर्माने एक गाणे बनवले होते. ते या चित्रपटात आले, पण मूळ घोषणांतली मनुवाद, ब्राह्मणवाद ही नावे वगळून आले. भूक राहिली, भेदभाव राहिला. भेदभाव कुणाचा, ते गेले. या चित्रपटाने तेरा फिल्मफेअर पुरस्कार मिळवले. गवाह बाजारात गेला तर चालते, पण गवाहीतून आरोपीचे नाव गाळले गेले तर ती गवाही राहत नाही. आपल्या मुशायऱ्यांतही हे होते, फक्त तिथे त्याला नजाकत म्हणतात.

'स्वदेसी'ने आपल्या २०२० च्या 'चेतावनी' या अल्बममध्ये सौम्य होण्याची घाई केलेली दिसत नाही. मार्च २०२२ मध्ये तोडफोड वारला. वय अवघे चोवीस. गुजरातीत, म्हणजे व्यापाराची मानल्या गेलेल्या भाषेत, तो व्यवस्थेला जाब विचारत होता. त्याच्या मृत्यूनंतर मोठमोठ्या नटांनी शोक व्यक्त केला. जिवंतपणी त्याला किती जणांनी ऐकले असेल? असो.

आमच्याकडची मुले या सगळ्याचे काय करतात? बहुतेक जण नक्कल करतात. मुंबईच्या गल्लीचे शब्द, मुंबईच्या शिव्या, मुंबईची ऐट. सौरभ अमरावतीचा, आपल्याच विभागातला, वऱ्हाडच्या मातीतून बोलतो, हे सांगितले की त्यांना आधी नवल वाटते आणि मग जरा बरे वाटते. सवाल-जवाबाचे हे खेळ इथल्या मातीला नवे नाहीत. कलगी-तुऱ्याची परंपरा शाह अली आणि तुकनगीर या दोघांपासून सांगतात; पेशवाईतला सगनभाऊ तर शिकलगार मुसलमान. पण ही वंशावळ मुलांवर लादण्यात अर्थ नाही. त्यांना आजचे बोलायचे असते.

मागच्या हंगामात नववीतल्या एका मुलाने वही आणून दाखवली. त्याची अम्मी दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जाते. त्यावर त्याने रॅप लिहिला होता. किलोमागे मिळणारी मजुरी, कंबर, ऊन, बोंडाच्या टोकाने फाटलेली बोटे असे सारे त्यात होते. मी म्हटले, "अम्मीला ऐकवलेस का?" तो म्हणाला, "नाही मॅडम, तिला रॅप कुठे कळतो?" मी म्हटले, आधी ऐकव. दोन दिवसांनी तो आला तेव्हा वहीत खाडाखोड होती. अम्मीने पूर्ण ऐकले होते. म्हणाली, भाव चुकीचा लिहिलास, यंदा रुपयाने कमी देतात. आणि बोटांचे एवढे काही नाही, पण रिकामा डबा घेऊन परत चालत येताना जे होते ते तू लिहिलेच नाहीस.